फोनची उतरंड

हेरंबने दुकानातला सगळ्यात महागडा फोन उलटसुलट करून पुन्हा खाली ठेवला. "माझा आहे तो काय वाईट आहे?"

मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, शर्वरीचा चेहरा पडला. घरात नवा फोन नेहमी हेरंबचा. त्याचा जुना तिच्याकडे उतरायचा आणि तिचा सासूबाईंकडे. तो अडला की सगळी उतरंड अडायची. शर्वरीच्या फोनची काच तडकली होती. सासूबाईंच्या फोनमधून नुसती खरखर ऐकू यायची.

सासूबाईंनी आपल्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "हाच द्या. आमच्या शर्वरीला."

"आई, मग तिचा जुना?"

"तुला. आणि तुझा मला. वाईट नाही म्हणालास ना?"

शर्वरीने तडकलेला फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"चांगला चालतो," ती म्हणाली. "फक्त वरच्या कोपऱ्यात जरा जोरात दाबायचं."