गिलाव्याच्या कमानी

प्रमोदिनीबाईंनी खांबावर बोटानं टकटक केलं. आवाज पोकळ आला. त्या पुढच्या खांबाशी गेल्या. तोही पोकळ.

"लाकूड आहे, मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "वरून दगडाचा रंग दिलाय. दगडांचे सांधेसुद्धा ब्रशनं काढलेत."

बाईंनी खांबावरून हात मागे घेतला. नागपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं त्यांनी युरोपातली जुनी चर्चेस शिकवली होती. भर उन्हाळ्यात खिडक्यांना काळे पडदे लावून, कूलरच्या घरघरीत, एकशे चाळीस स्लाइड्सवर. उंच टोकदार कमानी, त्यांच्यावर तोललेलं दगडी छत, भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून बाहेरून रेटून उभे केलेले टेकू. स्वतः मात्र त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं.

आता त्या मुलाकडे कॅनडात, मिसिसागाला आल्या होत्या. उत्कर्षा त्यांची जुनी विद्यार्थिनी. टोरोंटोत जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करायची. हे दीडशे वर्षांचं चर्च दाखवायला तिनं बाईंना मुद्दाम आणलं होतं. आत पाऊल टाकल्याबरोबर बाईंची मान वर गेली होती. "बाप्पा!" एवढाच शब्द तोंडून निघाला होता. त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

"आणि छत?" त्यांनी विचारलं.

"चला, वरूनच बघू. जिना चढवेल ना?"

"बाहेर टेकू दिसले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि चढू लागल्या. पायात सुनेचे बर्फातले बूट, अंगात मुलाचं जॅकेट, एका हातात साडीच्या निऱ्या.

छपराखालच्या माळ्यावर कडाक्याची थंडी होती. उत्कर्षानं टॉर्च लावला. खालून आभाळासारखं दिसलेलं छत इथून उपड्या घातलेल्या होड्यांसारखं दिसत होतं. लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या, आणि फटींमधून वर आलेला गिलावा तिथेच वाळून घट्ट झालेला. छत खांबांवर उभं नव्हतंच. ते छपराच्या तुळयांना टांगलेलं होतं.

"तडे गेलेत," उत्कर्षा म्हणाली. "चर्चच्या कमिटीला सोमवारी माझा रिपोर्ट हवाय. रिपेअर करायचं, की हे सगळं काढून सपाट सीलिंग टाकायचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, एवीतेवी फेकच आहे, जपायचं कशाला?"

"खरं बोलतोय तो. नाटकातला पडदा आहे हा." बाईंचा आवाज कोरडा होता. "मी पोरांना सांगायची, दगड खोटं बोलत नाही. इथे दगडच नाही."

उत्कर्षाचा चेहरा उतरला. बाईंना दम लागला होता. चालायला टाकलेल्या फळीवरच त्या बसल्या आणि आधारासाठी त्यांनी शेजारच्या लाकडी आडोशाला हात लावला.

"इकडे टॉर्च मार बरं."

आडोशाच्या फळीवर, धुळीखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. बाईंनी मफलरच्या टोकानं धूळ पुसली. चार खांब. खांबांतून फुटलेल्या कमानी. मधोमध त्यांची गाठ. एक रेघ खोडलेली, पुन्हा काढलेली, पुन्हा खोडलेली, पुन्हा काढलेली.

"हे मी पाहिलंच नव्हतं!" उत्कर्षा खाली वाकली. "गिलावा करणाऱ्या कुणीतरी काढलंय. आयर्लंडहून आलेली माणसं होती ती. जोडीदाराला समजावून सांगत असेल."

"गावाकडे पाहिलेलं."

"हो. लहानपणी कधीतरी."

"परत गेला असेल का गं हा? बघायला?"

"त्या काळी? क्वचितच जायचं कुणी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हातमोजा काढून त्यांनी फटीतून वर आलेल्या गिलाव्याच्या गोळ्यावर बोट ठेवलं. गिलावा धरून राहावा म्हणून त्यात घोड्याचे केस मिसळलेले होते. बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

"उत्कर्षा, रिपोर्टात फेक हा शब्द लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"लिही, की ज्यांना हे आठवत होतं, त्यांनी हाताशी होतं त्यातून बांधलं. आणि रिपेअर करा म्हणून लिही. तुझ्या बाईंचं नाव घालायचं असेल तर घाल, नसेल तर राहू दे."

उत्कर्षानं तिथेच फोन काढून गारठलेल्या बोटांनी ते टाइप केलं. कमिटीनं पुढे तिचं ऐकलं, पण ते एप्रिल उजाडल्यावर. तेव्हा बाई नागपूरला परतल्या होत्या.

त्या दिवशी मात्र त्या चित्रासमोरून उठायला तयार नव्हत्या. एकाएकी त्यांना हसू फुटलं.

"हे बघ. चुकलाय हा. मागच्या खांबाची कमान पुढच्या कमानीच्या मागून जायला हवी. यानं ती पुढून काढलीय. दोनदा खोडलं, तरी पुन्हा पुढूनच."

"हो ना."

"फळ्यावर काढताना माझंही नेमकं तिथेच चुकायचं. दर वर्षी. तुम्हा पोरांच्या कधी लक्षातच आलं नाही."

उत्कर्षानं टॉर्च खाली घेतला.

"आलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "मी अजून तशीच काढते."