उघडा कोपरा

गोधडीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढी फट होती. मंजुषानं टेबलावरची पट्टी उचलून तिला लावली. साडेतीन सेंटिमीटर. बाकी चारही कडा एकसारख्या टाक्यांनी सरळ शिवलेल्या होत्या, म्हणून तर ती फट डोळ्यांत भरत होती.

"मावशी, हे शिवायचं राहिलं."

"राह्यलं नाय. ठेवलंय," बानाबाई म्हणाली.

मंजुषाच्या डोक्यावर 'राष्ट्रीय कला व हस्तकला प्रदर्शन' असा फलक होता. आत हिमरूच्या शाली टांगल्या जात होत्या. बानाबाई सकाळच्या एसटीनं सून सत्यशीलाबरोबर पाचोडहून आली होती. सत्यशीलानंच बचत गटात जाहिरात पाहून अर्ज भरला होता आणि महिनाभर सासूच्या मागं लागली होती. शहरात कोपरे कोण तपासतंय, असं बानाबाईला वाटलं होतं.

मंजुषानं नियमांचा कागद त्यांच्याकडे वळवला. अपूर्ण वस्तू घेता येत नव्हती. नोंदणी पाचला बंद होणार होती आणि आता पावणेचार झाले होते.

"मला स्वतःला लई आवडली हो गोधडी. पण परीक्षक आधी हेच बघतील. दोन मिनिटांचं काम आहे. सुई-दोरा देऊ?"

मागं टोपल्यांची चळत धरून उभे असलेले साहेबराव पुढं वाकले. "म्याडम, माझ्या टोपलीला तर नुसती भोकंच भोकं हायेत. ती चालती, आन् वाकळीचं एक भोक चालंना व्हय?"

रांग हसली. मंजुषाही हसली, पण नोंदणीचा शिक्का तिनं उचलला नाही.

सत्यशीलाचा फोन थरथरला. "गॅसवाल्यांचा हाय," असं पुटपुटत तिनं तो बंद केला आणि मंजुषाला म्हणाली, "आमच्यात असं असतं म्याडम. ज्याला पांघरायची, त्यानं शेवटच्या कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे घालायचे. मगच तोंड शिवायचं. नायतर वाकळ उपाशी राहती म्हणत्यात."

"एवढंच ना?" मंजुषा उठली. आत कुणीतरी धान्याची रांगोळी काढत होतं. तिथून ती पाच दाणे मागून घेऊन आली. तळहातावर ते पांढरे, टपोरे दिसत होते. "घ्या मावशी."

सत्यशीलानं तोवर सुई ओवून ठेवली होती. आता कशाचीच अडचण नव्हती. अकरा टाके लागणार होते. घरी त्या फटीवर बोट फिरवत बानाबाईनं ते कितीदा तरी मोजले होते.

"घाला की आत्याबाई," सत्यशीला हळूच म्हणाली. "तुमचीच तर हाय."

"मला कुठं पांघरायचीय?"

"मग कुणाला?" मंजुषानं अर्ज पुढं ओढला. 'कोणासाठी केली' असा रकाना रिकामाच होता.

सत्यशीला जमिनीकडे बघू लागली. सहा वर्षांपूर्वी तिच्या नणंदेनं, करुणानं, आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा पुन्हा ह्या दारात पाय ठेवू नको, असं बानाबाईनंच तिला बजावलं होतं. गोधडी त्या दिवशी एवढीच व्हायची राहिली होती. नंतर घरात ते नाव निघालं नाही. दर उन्हाळ्यात पेटीतली घडी मात्र बाहेर यायची, ऊन खायची आणि तशीच परत पेटीत जायची.

"लेकीला," बानाबाई म्हणाली.

"अहो, मग तिलाच बोलवा ना! कुठं असते?"

"चितेगावला."

"चितेगाव? हे काय इथं. अर्धा तास."

मंजुषा सहज बोलून गेली होती. बानाबाई गोधडीकडे बघत राहिली. मधोमध एक निळा चौकोन होता, शाळेच्या जुन्या गणवेशाचा. अर्धा तास. तिनं ते अंतर कधी असं मोजलंच नव्हतं.

मग तिनं सुई घेतली. फटीच्या दोन्ही कडा चिमटीत जुळवल्या आणि पहिला टाका घातला. सुई पलीकडून निघाली, दोरा सरसर आला. दोऱ्याच्या टोकाची गाठ कापडाला टेकायच्या आत तिचा हात थांबला. मग तिनं दोरा सुईतून काढला, उलटा ओढून घेतला आणि सुई पदरात खोचली.

"बाई, तुमचं ठरंस्तोवर मी पुढं होऊ का?" साहेबरावांनी विचारलं, पण ते जागचे हलले नाहीत.

फोन पुन्हा थरथरला. सत्यशीलानं घाईनं तो पदराआड धरला. "ते गॅसवालेच..."

"आठवड्यातून दोन-दोनदा कुणाच्या घरी गॅस येतो गं?" बानाबाईनं विचारलं.

सत्यशीलाचा चेहरा उतरला. फोन तिच्या हातात थरथरतच होता. बानाबाईनं हात पुढं केला.

"कुठं दाबायचं?"

सत्यशीलानं दाबून दिलं. पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "वयनी, घेतली का वाकळ?"

बानाबाईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मंजुषाच्या तळहातावर दाणे तसेच होते.

"करुणा," ती म्हणाली, "कोपरा उघडाच हाय. पाचच्या आत ये."