आईचे हात

जाहिरात भांड्यांच्या साबणाची, लिहिणारा आणि दिग्दर्शक मीच. नटीकडून करपलेलं पातेलं काही निघेना. शूटिंग बघायला आलेले माझे बाबा बाह्या सरसावून पुढे झाले. बघता बघता पातेलं लख्ख. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून घरातली भांडी त्यांच्याच हातची. "क्लोजअपला तुमचेच हात घेऊ," मी म्हणालो. मेकअपवालीने हातांवरचे केस भादरले, नखं लाल रंगवली. बाबा गालातल्या गालात हसत होते. शॉट झाल्या झाल्या सेटवरच्या पडद्यावर ते हात दिसले आणि खाली मी लिहिलेली ओळ आली: "आईशिवाय हे कुणाला जमणार?" कंपनीचे साहेब खूश. "अगदी आईचे हात! कुणाचे हो?" बाबा शेजारीच उभे होते. खरं सांगायला जीभ रेटेना. "आहे एक मॉडेल," मी म्हणालो. बाबा नळावर गेले, नखं घासत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या साबणाने हा रंग निघत नाही रे."