हौद्याचं अस्तर

दुकानदाराने तिसरा तुकडा टेबलावर टाकला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"काका, हा शेवटचा. याच्यापुढे माझ्याकडे अस्तर नाही."

बाहेर नवरा-बायकोची पिकअप उभी होती. हौद्याचा पत्रा वर्षानुवर्षं घासून पार गुळगुळीत झालेला. त्यावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या की ब्रेक दाबताच पुढे, चढ लागताच मागे. आणि पेटी एकदा आपटली की आतल्या माश्यांना आवरणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. नजर गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, नवरा हौद्यातच बसायचा. गाडी ती चालवायची आणि तो केबिनला पाठ टेकून, पाय ताणून, पेट्या धरून ठेवायचा. मागच्या आठवड्यात उतारावर एक भरलेली पेटी सरकली ती थेट त्याच्या गुडघ्यावर. "काही नाही झालं," तो म्हणाला होता. घरी पायजमा वर केला तेव्हा गुडघा काळानिळा झालेला तिने पाहिला, आणि आज त्याला इथे घेऊन आली.

पहिलं अस्तर प्लॅस्टिकचं, हौद्यात जसंच्या तसं बसणारं. नवऱ्याने बोटाने टकटक केलं, कान लावला. "हा तर ढोल आहे. माश्या वेड्या होतील."

दुसरं फवारून बसवायचं, खरखरीत. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. "महिनाभर हा दर्प जाणार नाही."

दोन्ही वेळा त्याचं म्हणणं बरोबर होतं. माश्यांचं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

आता हे तिसरं, जाड रबराचं. दुकानदाराने त्यावर नटबोल्टांनी भरलेला खोका ठेवला आणि टेबलाची एक बाजू उचलली. खोका जागचा हलला नाही. नवऱ्याने चाचपून पाहिलं. खोक्याला धक्का दिला. मग दोन्ही हातांनी दिला. आवाज नाही, वास नाही, घसरणं नाही.

"उन्हात तापेल," तो म्हणाला.

"ताडपत्री असते ना वर," ती म्हणाली.

"जड आहे. गाडीवर उगाच भार."

"काका, पंचवीस-तीस किलो," दुकानदार म्हणाला. "एका पेटीएवढं."

"धुतल्यावर लवकर वाळणार नाही."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. पहाटे तीनपासून ती पायावर होती. पेट्या चढवल्या होत्या, उतरवल्या होत्या, मधाचे डबे पोचवले होते, आणि घरी जाऊन चूल अजून पेटवायचीच होती. समजूत काढायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. दुकानदार फोन घ्यायला आत गेला.

"अहो, खोट काय आहे यात? खरं सांगा."

तो रबरावरून हात फिरवत राहिला.

"खोट नाही."

"मग?"

"पेट्या आपापल्या राहिल्या, तर मी कुठे बसायचं?"

"पुढे. माझ्याशेजारी."

"पुढे बसून काय करू?"

तिला काहीतरी गोड बोलता आलं असतं, पण ते त्याला लगेच कळलं असतं. दुकानदार परत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हेच बसवा."

बसवायला तासभर लागला. नवरा बाकावर बसून ऐकत होता. काम झालं तसा तो उठला, फळीला धरून हौद्यात चढला, नेहमीच्या जागी बसला आणि दोन्ही टाचांनी रबर रेटून पाहिलं. नुसता रेटतच राहिला.

"चांगलं आहे," शेवटी म्हणाला. मुलीने स्वतः ठरवलेल्या जावयाबद्दल बाप म्हणतो, तसं.

उतरल्यावर त्याचा हात जुन्या सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. तिने कोपराला धरून त्याला पलीकडे वळवलं. त्याने कोपर सोडवून घेतलं आणि गाडीला हात लावत लावत एकटाच दुसऱ्या दारापर्यंत गेला.

येताना ती बाहेरच्या मोठ्या रस्त्याने आली होती. आता डिझेल भरायचं होतं, म्हणून जुन्या रस्त्याला लागली. डोळे होते तोवर इथून त्याच्या रोजच्या फेऱ्या असायच्या. दोन वर्षांत तो इकडे फिरकलाही नव्हता. डिझेल भरून ती पुढे निघाली. त्याचे हात मांडीवर, तळवे वर करून ठेवलेले. ती अधूनमधून त्या हातांकडे बघत होती. दोन वर्षं आरशात फक्त पेट्या दिसायच्या. तो इतका वाळलाय, हे तिला आज दिसत होतं.

ओल्या लाकडाचा वास आत आला.

"वखार गेली का?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

तो सरळ बसला. "मग हळू घे. वळण संपलं की उजवीकडे खड्डा आहे, हा एवढा. माझा एक ॲक्सल खाल्लाय त्याने. डावीकडे दाब."

वळण संपलं. पुढचा रस्ता नवाकोरा, काळाभोर, तेलाने पुसल्यासारखा सपाट होता. खड्डा कधीच बुजवला होता. एकटी मध पोचवायला निघाली की ती साठच्या वेगाने त्याच्यावरून जायची.

तिने गिअर उतरवला, वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेतली.

"अजून थोडी," तो म्हणाला.

तिने अजून थोडी घेतली.