एकही खाडा नाही

एकोणचाळीस जण सापडले होते, चाळिसावा सापडत नव्हता, आणि मेळावा तीन दिवसांवर आला होता.

कारकूनबाईंनी पन्नास वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक पुन्हा टेबलावर उघडलं. एकोणचाळीस नावं तिरक्या, घाईच्या अक्षरात होती. त्या वेळच्या कारकुनाचं अक्षर. चाळिसावं तेवढं गोल आणि ठसठशीत. वर्ष सुरू झाल्यावर आला असेल, म्हणून दुसऱ्याच कुणीतरी चढवला असेल, असं म्हणून बाईंनी ते कधीच सोडून दिलं होतं. नाव इतकं साधं की कुठल्याही गल्लीत हाक मारली तर दोघं-तिघं वळून बघतील. प्रवेशाचा अर्ज नाही, जन्मतारीख नाही, पत्ता नाही.

बाई स्वतः याच शाळेत शिकलेल्या. माजी विद्यार्थ्यांची पत्रं, फोन, पत्ते सगळं त्यांच्याकडेच होतं. कोण कुठे आहे, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचे गुडघे गेले, सगळं त्यांना ठाऊक. त्याचा अभिमान त्या लपवतही नसत.

या खेपेला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता. गणिताचे सर एक्क्याण्णव वर्षांचे झाले होते आणि पुढच्या आठवड्यात लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. जाण्याआधी या शाळेतल्या आपल्या पहिल्या वर्गाची एकदा हजेरी घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा.

"सर, चाळीसच्या चाळीस हजर करते," बाई म्हणाल्या होत्या.

सर हसले होते. "बघ पोरी, जमतंय का."

दोन वर्षं बाईंनी जिवाचं रान केलं. चौघं देवाघरी गेले होते. त्यांच्या मुलांनी आईबापांच्या जागी उभं राहायचं कबूल केलं. पण चाळीस नंबरचा मागमूस नव्हता. बरं, आठवण मात्र प्रत्येकाला.

"तो होय? माझ्याच शेजारी बसायचा," परिचारिका म्हणून निवृत्त झालेली फोनवर म्हणाली. "आवाज अगदी बारीक. आणि नेमाचा केवढा! त्या वर्षी विश्वस्त रोज दाराबाहेर उभे राहून हजेरी ऐकायचे. चाळिसाला एक जरी कमी पडला तरी वरचा वर्ग बंद, अशी अट होती. देणग्यांवर चालणारी शाळा. त्यांचा तरी काय दोष. पण चाळीस नंबरनं एकदाही दांडी मारली नाही."

बेकरीवाल्यानं वेगळंच सांगितलं. "बारीक आवाज? छे हो. घोगरा. आणि बसायचा माझ्या बाकावर. फळ्यावर सरांचं चित्र कुणी काढलं, असं विचारलं की नाव त्याचंच निघायचं."

"मग सर रागवायचे?"

"रागवायचे की. म्हणायचे, भेटू दे मला तो."

विमान चालवणारा जरा थांबून बोलला. "भला होता. वर्ग टिकला तो त्याच्यामुळे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना धरून ठेवायचा हो. बाई, दुसरा फोन येतोय, ठेवतो."

बाईंचे डोळे भरून आले. ज्याला त्याला तो आपल्याच शेजारी हवा होता. देवानं असं एखादं माणूस वर्गात पाठवावं आणि पन्नास वर्षांनी ते कुणालाच सापडू नये!

कार्यालयाच्या कपाटात त्याचा चषक अजून पडून होता. वर्षभरात एकही खाडा नाही म्हणून दिलेला, न्यायला कधी कुणी न आलेला. मेळाव्याच्या सकाळी बाईंनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला, पदराखाली धरला आणि सभागृहात गेल्या.

सर खुर्चीत बसले होते. बाई वाकून हळूच म्हणाल्या, "सर, माझा शब्द खोटा पडला. एक राहिला."

"आधी हजेरी तर होऊ दे," सर म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि नंबर पुकारायला सुरुवात केली. आवाज थकलेला होता, पण दम तोच. "एक." शल्यचिकित्सक ताडकन उभे राहिले. "हजर, सर." "दोन." काठी टेकत एक आजी उठल्या. बाराव्या नंबरला आईच्या जागी तिचा लेक उभा राहिला, तेव्हा सरांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. पांढऱ्या केसांची ती माणसं शाळकरी पोरांसारखी ताठ उभी राहत होती. बाईंची छाती अभिमानानं भरून येत होती.

"एकोणचाळीस."

"हजर, सर," बेकरीवाला म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली.

"चाळीस."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी वर पाहिलं. सगळं सभागृह उभं होतं. बारीक, घोगरे, कापरे, एकोणचाळीस आवाज एकदम म्हणाले, "हजर, सर."

सरांनी हजेरीपत्रकाखाली सही केली. गोल, ठसठशीत अक्षरात. मग बाईंच्या हातातला चषक घेऊन तो वर्गाच्या दिशेनं धरला आणि बाईंकडे वळून म्हणाले,

"पोरी, तो खरंच सापडला असता ना, तर या वयात माझी मोठी पंचाईत झाली असती."