लांबवलेला सौदा

"दोन कोटी जास्त होतात," स्पीकरवर त्रिशलाचा आवाज आला आणि खुर्चीला बांधलेल्या धनपालशेठचा कानांवर विश्वास बसेना. सांगलीचे हे हळदीचे बडे व्यापारी सकाळी फिरायला निघाले असताना चौघांनी त्यांना गाडीत कोंबून या ओसाड पोल्ट्रीत आणलं होतं. आणि आता पोटची पोर बापाच्या जिवाचा भाव पाडत होती.

"बाप तुझाच आहे ना?" फोन धरलेला माणूस खेकसला.

"माझाच आहे. पन्नास लाख देते. नोटा कुठल्या हव्यात? पिशवीत भरू की पेटीत?"

तो वैतागून उत्तरं देत राहिला. ती प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न काढत होती, पाच-पाच लाखांनी चढत होती, मध्येच 'काकांना विचारते' म्हणून त्याला थांबवत होती. ऐकता ऐकता शेठच्या लक्षात आलं. गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून ते स्वतः असंच बोलत. पोरगी सौदा करतच नव्हती, या माणसाला फोनवर अडकवून ठेवत होती. दोरांनी आवळलेली त्यांची छाती फुलून आली. तिला त्यांनी कधी पेढीची पायरी चढू दिली नव्हती. मग हे ती शिकली कुठे?

ती ऐंशी लाखांवर आली तेव्हा पोलिसांनी दार फोडलं.

दोर सोडताना इन्स्पेक्टर म्हणाले, "मुलीनं फोन चालू ठेवला, म्हणून जागा सापडली. पेढीवर कुणाला कळवू?"

"तिलाच कळवा," शेठ म्हणाले. "आजपासून पेढी तिची आहे."