शिडी धरणारा

विदर्भातल्या बोरी अरबहून अंजूनं भावाला, राजकुमारला, व्हिडिओ कॉल लावला. सांगायचं ते अगदी ओठांवर होतं, पण बापूंनी शिकायला आयर्लंडला धाडलेला हा धाकटा तिला बोलू देईल तर ना!

"ताई, हा बुरूज पाह्य. हजार वर्षांमांगं व्हायकिंग लुटारू जहाजातून आले, का मठातले साधू याच्यात चढत अन् शिडी वर ओढून घेत."

"अन् खाली शिडी धरून उभा राह्यलेला मानूस?"

"त्याचं नाव कोनीच लेहून ठेवलं नाही," तो हसला. "बरं, बापू कुठं हायेत? वावरात?"

अंजूनं मोबाइल वळवला. भाव पडल्यानं न विकलेल्या कापसानं घर आढ्यापर्यंत भरलं होतं, म्हणून बापूंना ओसरीतच निजवलं होतं. त्यांच्या नाकात घरच्याच कापसाचे बोळे होते.